संमेलनात अराज्यवादावर बोलायचंय, दगड न खाता कसं बोलू?

उद्यमबाग_टर्नर

मंडळी, नमस्कार. मी उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये टर्नर आहे. बीए बाहेरून केलं, विषय राज्यशास्त्र. गाव बेळगावच्या पश्चिमेला. आमच्याकडे दर थंडीत मराठी साहित्य संमेलन असतं. ग्रंथदिंडी, लेझीम, दुपारी मसालेभात, शेवटी कविसंमेलन, सीमाभागातल्यांना वेगळं सांगायला नको. यंदा परिसंवादाचा विषय ठेवलाय 'वाढती अराजकता आणि आजचा तरुण'. गावचा तरुण म्हणून वक्त्यांत माझं नाव घातलंय.

मी संयोजक काकांना म्हटलं, मी थोडं वेगळं बोलतो की. अराज्यवाद, म्हणजे अनार्किझम, नावाचा एक विचार आहे: वरून हुकूम देणाऱ्या राज्याशिवाय माणसं आपसांत समाज चालवू शकतात असं म्हणणारा. प्रूधाँ, बाकूनिन, क्रोपोत्किन ही माणसं नेमकं काय म्हणत होती ते सांगतो. काका म्हणाले, "बाबा रे, त्या डिसेंबरात गाड्या फोडल्या, त्याचं समर्थन करणार काय तू स्टेजवरून?"

माझं गाडं इथंच अडलंय. २०२२ च्या डिसेंबरात हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या नंबरच्या गाड्यांवर दगड पडले, तिकडे पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळं फासलं. पेपरात, चहाच्या टपरीवर सगळे म्हणाले, काय हे अराजक. पण त्या दगड मारणाऱ्यांत 'राज्यच नको' म्हणणारा एक तरी होता काय? सगळे 'आमचंच राज्य' म्हणणारे. ज्यांना राज्यसंस्था हवी आहे, जरा जास्तच हवी आहे, त्यांच्या धुडगुसाचं बिल क्रोपोत्किनच्या नावावर फाडायचं, हे मला पटत नाही. पण हे स्टेजवरून म्हटलं की दोन्हीकडचे चिडणार.

दुसरं, माझ्या रोजच्या कामातलं. आमची शिफ्ट आठ तासांची. त्यावर राबवलं तर ओव्हरटाइम मागता येतो. या आठ तासांसाठी १ मे १८८६ ला अमेरिकेत मोठा संप झाला आणि शिकागोत त्याच्या पुढाऱ्यांत बरेच जण अराज्यवादी होते. ३ मेला पोलिसांच्या गोळीबारात कामगार मेले. ४ मेला हेमार्केट चौकात निषेधाची सभा झाली, तिथं कुणीतरी पोलिसांवर बॉम्ब टाकला. कुणी टाकला ते आजतागायत ठरलेलं नाही. तरी आठ जणांवर खटला चालला, चौघांना ११ नोव्हेंबर १८८७ ला फाशी दिली, एकानं तुरुंगातच जीव दिला. १८९३ मध्ये इलिनॉयचे गव्हर्नर आल्टगेल्ड यांनी उरलेल्या तिघांना सोडलं आणि खटलाच न्याय्य नव्हता असं लिहून ठेवलं. लोकांच्या डोक्यात मात्र बॉम्ब तेवढा राहिला. आठ तास कुणी दिले म्हणून कुणी विचारत नाही.

तर जाणत्यांनी सांगा. समोर माळकरी म्हातारे, महाराष्ट्र एकीकरण समितीचे कार्यकर्ते, हायस्कूलची पोरं आणि मागच्या रांगेत सीआयडीचा एक माणूस असतोच. यांच्यापुढं पंधरा मिनिटांत काय बोलू आणि काय टाळू?

गल्लीतला_गप्पिष्ट

एवढं वाचायची काय गरज मर्दा. आमच्या गल्लीतल्या गणपती मंडळाच्या मीटिंगला ये. अध्यक्ष आहे, उपाध्यक्ष चार, खजिनदार दोन, आणि कुणाचं कुणी ऐकत नाही. शुद्ध अराज्यवाद.

उद्यमबाग_टर्नर

चार उपाध्यक्ष आहेत म्हणजेच नाही की ओ.

निपाणीचा_जुना_माणूस

बाळ, तुझा टोलनाक्याचा मुद्दा नंबरी आहे, तो सोडू नकोस. पण भाषणाची सुरुवात त्यानं केलीस तर पुढचं कुणी ऐकणार नाही. आधी बॉम्बबद्दल सरळ बोल. ते झाकून ठेवलंस तर मागच्या रांगेतला कुणीतरी मोबाइलवर बघून उठून विचारेल.

अराज्यवाद्यांतल्या काहींनी खून केले, हे खरंच आहे. १८९३ च्या डिसेंबरात ऑग्युस्त वायाँनं फ्रान्सच्या संसदेत बॉम्ब टाकला, त्यात मेलं कुणी नाही. त्याला गिलोटिनवर चढवलं. त्याला माफी नाकारणारे अध्यक्ष कार्नो यांना १८९४ मध्ये कासेरिओ नावाच्या अराज्यवाद्यानं भोसकलं. १८९८ मध्ये ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ, १९०० मध्ये इटलीचा राजा उंबेर्तो, १९०१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष मॅकिन्ली. आठ वर्षांत इतकं झाल्यावर छापखान्यांना चित्र आयतं मिळालं: काळा कोट, दाढी, हातात वातीचा गोल बॉम्ब. त्याच काळात क्रोपोत्किन सैबेरियातल्या प्राण्यांची निरीक्षणं तपासून लिहीत होता की जगण्याच्या धडपडीत एकमेकांना धरून राहणारे टिकतात. ते पुस्तक आलं १९०२ मध्ये. मॅकिन्लीच्या खुनाच्या दुसऱ्याच वर्षी. कोण वाचणार?

आपल्याकडे हे चित्र पोलिसांच्या फायलीतून आलं. रौलट कायदा म्हणून शाळेत शिकलास, त्याचं १९१९ मधलं सरकारी नाव मराठीत करायचं तर 'अराजकी व क्रांतिकारी गुन्हे कायदा' असं होईल. बंगालचा, पंजाबचा, पुण्याचा जो कोणी इंग्रजाला नको तो अराजकी. त्यातल्या बहुतेकांना स्वतःचं राज्य हवं होतं, राज्याविना समाज नको होता. म्हणजे तुझा टोलनाक्याचा मुद्दा तेव्हाही लागू होताच, फक्त तेव्हाच्या माणसांबद्दल आपल्याला आदर आहे.

आता बेळगावात बोलतोयस तर हे सांगच. ४ फेब्रुवारी १९१६ ला बनारसला हिंदू विद्यापीठाच्या समारंभात, संस्थानिक दागिने घालून बसलेले, गांधी उठून म्हणाले की मीही अराज्यवादीच आहे, पण वेगळ्या जातीचा. बॉम्ब टाकणाऱ्यांच्या देशप्रेमाला मान दिला आणि त्यांची वाट चुकीची म्हणाले. अ‍ॅनी बेझंट मध्येच थांबा म्हणाल्या, संस्थानिक उठून चालते झाले. तोच माणूस १९२४ च्या डिसेंबरात आपल्या टिळकवाडीत काँग्रेसचा अध्यक्ष. आयुष्यात एकदाच अध्यक्ष झाला, तोही इथं. त्या अधिवेशनासाठी खोदलेल्या काँग्रेस विहिरीवरून तू रोज उद्यमबागेला जात असशील. समोरच्या म्हाताऱ्यांना हे सांगितलंस की पहिली पाच मिनिटं तुझी.

उरलेल्या दहा मिनिटांत माझ्या गावचं बोल असं म्हणणार होतो, पण ते गुंतागुंतीचं आहे. १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकरी निपाणीला हायवेवर बसले. शरद जोशींची शेतकरी संघटना. पुणे–बेंगळुरू रस्ता बंद, बैलगाड्या रस्त्यावर, बायापोरांसकट वस्ती, तिला आंदोलननगर म्हणायचे. मी तेव्हा पोरगा होतो, बापाबरोबर जायचो. भाकऱ्या गावागावांतून यायच्या. कुठल्या गावानं कधी पाठवायच्या हे कुठल्याच सरकारी माणसानं ठरवलं नव्हतं. झाडलोट, पाणी, रात्रीचं जागणं, सगळं बसल्या माणसांनी आपसांत लावून घेतलेलं. वखारीत माल टाकून वर्षभर पैशासाठी दलालाच्या पाया पडणारी माणसं ती. त्यांना आधी कुणी विचारलं असतं की तुम्हाला एवढी वस्ती चालवता येईल काय, तर नाही म्हणाली असती. माझा बाप म्हणायचा, तिथं मला पहिल्यांदा 'तुझं काय मत' म्हणून विचारलं.

शेवट काय झाला माहीत आहे. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, माणसं गेली. आता तू सांग, त्या रस्त्यावर अराजक कुणी आणलं, भाकऱ्या वाटणाऱ्यांनी की बंदूकवाल्यांनी?

पण एक पथ्य पाळ. ते आंदोलन अराज्यवादी होतं असं म्हणू नकोस. नेता एक होता, त्याचा शब्द शेवटचा होता, आणि शरद जोशी पुढं जिकडं गेले तो खुल्या बाजाराचा रस्ता. सरकारवर दोघांचाही राग, पण क्रोपोत्किनचा राग वखारवाल्यावरही तितकाच होता. एवढंच म्हण की हुकूम देणारा नसला तर माणसं एकमेकांचे गळे धरतात हे गृहीतक त्या रस्त्यावर खोटं ठरलं. क्रोपोत्किन स्वतः अशीच उदाहरणं द्यायचा. युरोपभरच्या रेल्वे कंपन्या आपसांत करार करून गाड्या जोडतात, वर कुठलं युरोपचं सरकार नाही. इंग्लंडच्या किनाऱ्यावर बुडत्या जहाजांना वाचवायला स्वखुशीनं जाणाऱ्यांच्या होड्या आहेत. त्याचं म्हणणं साधं होतं: हुकूम देणाऱ्यानं आधी सिद्ध करावं की त्याची गरज आहे. आपल्याकडे उलटं आहे, हुकूम न मानणाऱ्याला सिद्ध करावं लागतं.

आरपीडीचा_माजी

भगतसिंग घ्या की. १९२८ मध्ये 'किरती' मासिकात त्यांनी अराज्यवादावर लेख लिहिलेत. ८ एप्रिल १९२९ ला असेंब्लीत बॉम्ब टाकल्यावर जी पत्रकं उधळली, त्यांत वर निपाणीकरांनी सांगितलेल्या त्या वायाँचंच वाक्य होतं, बहिऱ्यांना ऐकवायला मोठा आवाज लागतो म्हणून. भगतसिंगांच्या नावानं टाळ्या पडतात, काळजी नको.

वकील_अक्का

टाळ्या पडतीलच. मी टाळ्या न वाजवणाऱ्यांत आहे, म्हणून लिहिते.

मी बेळगावच्या कोर्टात दिवाणी कामं बघते, पक्षकार बहुतेक बैलहोंगल, सौंदत्ती, खानापूर भागातल्या बायका. कर्नाटकात १९९४ पासून मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क आहे, देशभर तो २००५ मध्ये आला. आता माझ्याकडे येणारी बाई सांगते काय? भावांनी बोलावलं, घरात पंच बसले, मामा बसले, जेवण झालं, आणि हक्कसोडपत्रावर, म्हणजे आपला वाटा सोडल्याच्या कागदावर, अंगठा. कुणी मारलं का? नाही. कुणी धमकी दिली का? नाही. सगळं एकमतानं. ती नको म्हणाली असती तर तिला पुन्हा माहेरची पायरी बंद. त्या ओसरीवर सरकार नव्हतं, पोलीस नव्हता, हुकूम कुणी दिला नाही. निपाणीकर काका, तुमच्या व्याख्येनं ती ओसरी म्हणजे आदर्शच की. तिच्या बाजूनं होतं ते फक्त लांब बेंगळुरूत झालेलं एक कलम, आणि पाच वर्षं तारखा देणारं एक कोर्ट.

दुसरं सौंदत्तीचं. यल्लम्माला पोरी देवदासी म्हणून सोडायची चाल कुठल्या सरकारनं सुरू केली नव्हती, गावानं आणि घरानं चालवली. थांबवायला कायदा करावा लागला, १९८२ मध्ये. कायद्यानं ती पुरती थांबली असं मी म्हणत नाही. पण कायद्याशिवाय आम्ही पोलिसांत जाऊन काय सांगणार होतो?

आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत खेड्याबद्दल जे सुनावलं ते सगळ्यांना ठाऊक आहे: संकुचितपणाचं डबकं, अज्ञानाची गुहा. पुढच्या वर्षी २५ नोव्हेंबरला म्हणाले, घटनात्मक मार्ग खुले असताना सत्याग्रह, असहकार हे अराजकाचं व्याकरण आहे, ते सोडा. गांधी सांगणार असशील तर हेही सांग. ज्यांच्या हातात गाव होतं त्यांना राज्य नको असणं सोपं असतं.

निपाणीचा_जुना_माणूस

अक्का, तुमच्या ओसरीला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही, आणि आहे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

एवढं सांगतो की निदान पुस्तकात तरी या मंडळींचं भांडण फक्त सरकारशी नव्हतं. मालक, धर्मगुरू, नवरा, सगळ्यांशी होतं. अमेरिकेतल्या अराज्यवादी एमा गोल्डमननं लग्नाच्या बेडीवर सरकारइतकंच लिहिलंय. पण प्रत्यक्षात? १९३६ मध्ये स्पेनमध्ये बार्सिलोनाच्या ट्राम कामगारांनीच चालवल्या, आरागॉनमध्ये गावांनी जमिनी एकत्र कसल्या. लाखो सभासदांची अराज्यवादी कामगार संघटना होती. त्याच वर्षी त्या चळवळीतल्या बायकांना 'मुहेरेस लिब्रेस', म्हणजे मुक्त स्त्रिया, ही वेगळी संघटना काढावी लागली. कारण सभेत क्रांतीवर बोलणारा कॉम्रेड घरी जाऊन ताट मागायचा.

वकील_अक्का

म्हणजे तुमच्याच साक्षीदारानं माझ्या बाजूनं साक्ष दिली.

निपाणीचा_जुना_माणूस

अर्धी. दुसरी अर्धी अशी की त्या बायकांनी त्यासाठी सरकारकडे अर्ज केला नाही, स्वतः उभ्या राहिल्या. आणि तिसरी, जी तुम्हाला आवडेल: फेदेरिका मोंतसेनी, घराण्यानंच अराज्यवादी, १९३६ च्या नोव्हेंबरात सरकारात आरोग्यमंत्री झाली. स्पेनची पहिली स्त्री मंत्री. यादवी युद्ध दारात आलं तेव्हा त्यांनाही खुर्चीवर बसावं लागलं, आणि त्यावरून आपसांत भांडणं झाली.

जवळचं उदाहरण हवं तर गडचिरोलीतलं मेंढा-लेखा. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा. बहुमतानं ठरवत नाहीत, सगळे राजी होईपर्यंत बोलत बसतात. २००९ मध्ये त्यांना जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. तोही, अक्का तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणतो, दिल्लीत झालेल्या वनहक्क कायद्याखालीच.

सीमावासी_५६

हे सगळं ठीक आहे. पण १७ जानेवारी १९५६ ला सीमालढ्यात रक्त सांडलं ते काय राज्य नको म्हणून? साठ-सत्तर वर्षं लढा चालू आहे, सुप्रीम कोर्टात दावा २००४ पासून पडून आहे. दर १ नोव्हेंबरला आम्ही काळा दिन पाळतो. आणि संमेलनाच्या स्टेजवर आपलाच पोरगा म्हणणार, राज्यच कशाला पाहिजे. समोरच्यांना आयतं कोलीत. यापेक्षा कविता म्हण.

उद्यमबाग_टर्नर

काका, तुमचा राग समजतो. आमच्या घरात हुतात्म्यांचा फोटो आहे, दर १७ जानेवारीला वडील अभिवादनाला जातात. पण मला एक सांगा. माझ्या आजीला पिकाची नुकसानभरपाई मिळाली नाही, कारण पहाणीत, म्हणजे इकडच्या सातबाऱ्यात, नाव चुकलं होतं आणि पहाणी कन्नडमध्ये. दुरुस्तीचा अर्जही कन्नडमध्ये. आजीनं जन्मभर त्या जमिनीत भात लावलं, तिच्या जमिनीचा कागद तिला वाचता येत नाही. कचेरीतला माणूस वाईट नव्हता, म्हणाला, "अज्जी, वरून तसंच आहे." आता समजा उद्या सीमा सरकली. मग निपाणीच्या पुढचा एखादा कन्नड म्हातारा मराठी सातबारा हातात घेऊन उभा राहील आणि आमचा मराठी कारकून त्याला म्हणेल, आजोबा, वरून तसंच आहे. मला तो 'वरून' नडतो.

सीमावासी_५६

आणि त्या 'वरून'ला काढायचं कसं, हे तुझा क्रोपोत्किन सांगतो काय?

निपाणीचा_जुना_माणूस

क्रोपोत्किनपेक्षा प्रूधाँ जवळचा पडेल. १८४० मध्ये स्वतःला अराज्यवादी म्हणवून घेणारा पहिला माणूस तो. म्हातारपणी, १८६३ मध्ये, त्यानं संघराज्यावर पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं, अधिकार खालून वर जावा आणि जाताना कमी होत जावा. गावानं, तालुक्यानं करार करून एकत्र यायचं, कराराबाहेरचं सगळं स्वतःकडे ठेवायचं, पटलं नाही तर बाहेर पडायची वाट मोकळी. १९५६ मध्ये झालं ते याच्या बरोब्बर उलटं. वर नकाशावर रेघ मारली आणि खाली गावांना कळवलं. मग सीमाप्रश्नावरचा महाजन आयोग, १९६७ चा अहवाल, पुन्हा एक रेघ. आमच्या निपाणीत बाजारात मराठी, कन्नड, उर्दू तिन्ही चालतात, गिऱ्हाईक बघून दुकानदार भाषा बदलतो. ही व्यवस्था कुठल्या आयोगानं लावलेली नाही.

सीमावासी साहेब, म्हणून लढा सोडा असं मी म्हणत नाही. आपल्या गावाचा निर्णय आपल्याला विचारून व्हावा, ही मूळ मागणीच बघा. ती तर या विचाराच्या फार जवळची आहे. फक्त हा विचार ती मागणी बेळगावला लावतो तशीच त्या कन्नड म्हाताऱ्याच्या गावालाही लावतो. तिथं तुमची-आमची अडचण होते.

सीमावासी_५६

अडचण होते हे मान्य. पटलं असं म्हणत नाही. पण आजीच्या पहाणीचं सांगणार असशील तर माझी हरकत नाही, तो आमचाही मुद्दा आहे.

गल्लीतला_गप्पिष्ट

मी उगाच गणपती मंडळावर गेलो, इथं पीएचडी चाललीय. बरं टर्नरसाहेब, २०१४ मधलं केजरीवालांचं घालू नका. दिल्लीत रस्त्यावर झोपून 'होय, मी अराजकवादी' म्हणाले, राष्ट्रपती प्रणवदांनी प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी भाषणात कानपिचक्या दिल्या. त्यावर आमच्या कट्ट्यावर महिनाभर भांडणं झाली होती, उगाच पक्षाचं राजकारण शिरेल. मुख्यमंत्र्यानंच पोलीस आपल्या हाताखाली द्या म्हणून धरणं धरलं त्याला अराज्यवाद म्हणायचं तर माझं मंडळ काय वाईट?

उद्यमबाग_टर्नर

नाही घालत. असं ठरवलंय: शिकागो आणि आठ तासांनी सुरुवात, कारण ते माझं स्वतःचं आहे. मग बॉम्बवाले, काही न झाकता. मग बनारस आणि काँग्रेस विहीर. निपाणी दोन मिनिटं, काकांच्या बापाचं वाक्य वापरू का? नाव घेणार नाही. टोलनाक्याचा मुद्दा आजीच्या पहाणीनंतर, म्हणजे तोवर लोक माझ्या बाजूला असतील. भगतसिंगांचं हाताशी ठेवतो, कुणी फारच चिडलं तर. स्पेनला बहुतेक वेळ उरणार नाही. संयोजक काकांना आराखडा दाखवला, त्यांनी गांधींवर बोट ठेवून 'हे आधी का नाही सांगितलंस' म्हटलं आणि पंधराची बारा मिनिटं केली, पाहुण्यांच्या सत्कारासाठी.

निपाणीचा_जुना_माणूस

वापर की. त्याला आवडलं असतं.

वकील_अक्का

आराखड्यात माझी ओसरी दिसली नाही.

उद्यमबाग_टर्नर

अक्का, बारा मिनिटांत कशी बसवू? विरोधातला मुद्दा म्हणून नुसता उल्लेख केला तर अन्याय होईल, आणि उत्तर तर माझ्याकडे नाही.

वकील_अक्का

स्पेन काढलंस तशी निपाणीची एक मिनिट काढ. उत्तर देऊ नकोस, हक्कसोडपत्र म्हणजे काय तेवढं सांग आणि विचार, इथं हुकूम कुणी दिला? समोर बसलेल्या निम्म्या बायकांनी तो अंगठा दिलेला असतो. संमेलन रविवारी आहे ना? मी येते. प्रश्नोत्तरांना वेळ ठेवायला काकांना सांग, सत्कार दोन कमी झाले तरी चालतील.

गल्लीतला_गप्पिष्ट

सत्कार कमी करा म्हणजे खरंच अराजक होईल अक्का. मसालेभात किती वाजता आहे?

उद्यमबाग_टर्नर

साडेबाराला. परिसंवाद त्याच्या आधी.